काँक्रीटची मुंबई भिंतीवर: सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींचे फोटो छापून, फ्रेम करून लावताना

मराठी घरांच्या भिंतीवर मुंबई असते ती बहुतेक वेळा सीएसएमटीची, गेटवेची, फार तर राजाबाई टॉवरची. नरिमन पॉइंट सहसा नसतो. आपल्या आईवडिलांनी ज्या शहरात नोकऱ्या केल्या, शेअरचे अर्ज भरले, वाशीला सिडकोचं घर लागलं म्हणून पेढे वाटले, ते १९७० ते १९९५ मधलं शहर अजून 'वारसा' म्हणण्याइतकं जुनं झालेलं नाही आणि नवंही राहिलेलं नाही. बदलतंय मात्र झपाट्याने. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली कित्येक छोटी घरं पाडून मालकांनी तिथे आपापले बंगले उभारलेत. पणजीत कोरियांच्याच कला अकादमीचं नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. तेव्हा फोटो काढायचा तर आत्ताच काढावा, आणि काढलाच आहे तर मोबाइलमध्ये पडू न देता नीट छापून लावावा.

बहुतेक जण आधी फोटो काढतात, मग तो कुठे लावायचा ते शोधतात. माझा आग्रह उलटा आहे: आधी भिंत, मग आकार, मग कॅमेरा. या इमारतींच्या बाबतीत तर फारच, कारण त्यांचं अर्धं सौंदर्य प्रमाणात आहे आणि दुकानातल्या तयार फ्रेममध्ये ते प्रमाण बसत नाही.

भिंत आधी ठरवा

कोकणपट्टीत पहिला प्रश्न रंगाचा किंवा सोफ्याचा नसतो, ओलीचा असतो. पावसाची झोड नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते. त्या बाजूची बाहेरची भिंत फ्रेमसाठी बाद समजा, बाहेरून कितीही वॉटरप्रूफिंग केलेलं असलं तरी. बाथरूमला लागून असलेली भिंतही बाद. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यात चांगली. तिच्यावर खिडकीतून थेट ऊन पडत नाही ना, हे दिवसातून दोन-तीनदा पाहून घ्या. मार्चमध्ये न पडणारं ऊन डिसेंबरमध्ये आतपर्यंत येतं, हेही लक्षात ठेवा.

मग माणूस फोटो किती लांबून बघणार ते पाहा. पॅसेजमध्ये तीन फुटांवरून बघायचं असेल तर १२ बाय १८ इंचांचा प्रिंट भरपूर झाला. हॉलमध्ये आठ-दहा फुटांवरून बघायचं असेल तर त्याच प्रिंटमधल्या खिडक्या नुसते ठिपके होतात, तिथे २४ इंचांच्या पुढेच जायला हवं. जुना वर्तमानपत्राचा कागद त्या मापाचा कापून मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि आठवडाभर राहू द्या. येता-जाता नजर पडली की माप बरोबर आहे की नाही ते आपोआप कळतं.

इमारत निवडताना तिचं प्रमाण बघा

उदाहरणासाठी कंबाला हिलवरचं 'कांचनजंगा' घेऊ. कोरियांची ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. २८ मजले, उंची ८४ मीटर, पाया २१ मीटर बाय २१ मीटर. म्हणजे रुंदीच्या बरोबर चौपट उंची. हा मनोरा नेहमीच्या दोनास तीन प्रमाणाच्या फोटोत घातला की दोन्ही बाजूंना नुसतं आभाळ, नाहीतर शेजारच्या इमारतींची गर्दी. त्याला अरुंद, उभा, एकास दोन असा प्रिंट लागतो: १२ बाय २४ इंच. या लेखात पुढे मी हेच माप धरलंय.

नरिमन पॉइंटची गोष्ट वेगळी. १९७४ चं एअर इंडिया बिल्डिंग (न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी कार्यालयाचं काम), शेजारचं जोसेफ स्टाइन यांचं एक्सप्रेस टॉवर्स आणि ओबेरॉय हे एकेकटे काढण्यात मजा नाही. ते रांगेत, समुद्रासकट, आडवे बघायचे असतात. तिथे एकास दोन आडवा किंवा त्याहूनही लांबट प्रिंट शोभतो. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सगळा जीव अंगणात आहे. सात-सात घरं एका अंगणाभोवती बसवलेली. त्याला चौकोनी प्रिंट द्या.

एकाच प्रकारच्या बऱ्याच इमारती मनात असतील, समजा सिडकोच्या जुन्या वसाहतींचे जिने, तर जर्मन छायाचित्रकार दांपत्य बेर्न्ड आणि हिला बेखर यांची रीत उचला. त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, कोळशाच्या खाणींचे मनोरे आयुष्यभर टिपले: ढगाळ उजेड, समोरून सरळ, प्रत्येक वेळी वस्तू चौकटीत तेवढीच मोठी, आणि मग नऊ किंवा बारा फोटो ओळींत एकत्र. जून-जुलैतल्या आपल्या आभाळाला यासाठी तोड नाही. सावलीच नसते, त्यामुळे आज काढलेला आणि महिन्याने काढलेला फोटो शेजारी-शेजारी खपून जातो.

उजेड आणि उभं राहण्याची जागा

मरीन ड्राइव्हकडचे दर्शनी भाग पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी ते सपाट, निळसर दिसतात. दुपारी तीननंतर जीव धरतात. कांचनजंगाही पूर्व-पश्चिमच उघडतं, एकीकडे अरबी समुद्र आणि दुसरीकडे बंदर, म्हणून त्याची कोपऱ्यातली दोन-दोन मजली उंच गच्ची संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खोल दिसते.

मुंबई १९ अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो. जुलैत तो कोणाला दिसत नाही, पण मेमध्ये ऊन भिंतीला चाटून खाली उतरतं आणि प्रत्येक सज्जाची लांब सावली खालच्या मजल्यावर पडते. पुस्तकं सांगतात दुपारी फोटो काढू नका. सज्जे, फिन (ऊन अडवणाऱ्या उभ्या-आडव्या पट्ट्या), जाळ्या असलेल्या काँक्रीटच्या इमारतीसाठी मेची दुपार मुद्दाम साधावी, टोपी घालून. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंशांवर असतो, ऊन छान तिरपं मिळतं. पण हवेत धुरकं इतकं की लांबचा मनोरा दुधात बुडाल्यासारखा येतो. पाऊस उघडल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात स्वच्छ.

उंच इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर करू नका. उभ्या रेषा वर जाता-जाता एकमेकींकडे झुकतात आणि छापल्यावर इमारत मागे पडतेय असं वाटतं. लांब जा, नाहीतर वर चढा. समोरच्या इमारतीचा आठवा-दहावा मजला म्हणजे सोनं. त्यासाठी तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा, हेतू सांगा, छापलेला एखादा नमुना दाखवा. वॉचमनशी हुज्जत घालून कोणाचंच भलं झालेलं नाही.

सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला कॉपीराइटची अडचण नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वास्तुकृतीचं छायाचित्र काढणं आणि प्रसिद्ध करणं हा भंग मानलेला नाही. मात्र ट्रायपॉड उघडला की दक्षिण मुंबईत कोणी ना कोणी हटकतोच. हातातच कॅमेरा धरून भागत असेल तर बरं. कुलाब्याकडच्या नौदलाच्या हद्दीकडे लेन्स वळवू नका. ड्रोनचा विचार असेल तर आधी 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर लाल-पिवळे (बंदीचे आणि परवानगीचे) पट्टे बघा, बहुतेक वेळा विचार तिथेच संपतो.

रेषा सरळ करणं

शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता वर सरकवता येणारी) असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ करता येतात, पण त्यात वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापाव्या लागतात. म्हणून फोटो काढतानाच इमारतीच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, वर जास्त.

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला तर ४००० बाय ६००० पिक्सेल मिळतात. १२ बाय २४ इंचांच्या प्रिंटला इंचाला २५० पिक्सेलच्या हिशेबाने ३००० बाय ६००० लागतात. कागदावर हे अगदी बरोबर बसतं, पण सरळ करण्यात आणि कापण्यात गेलेले पिक्सेल धरलेलेच नाहीत. इंचाला २०० पर्यंत खाली आलात तरी काळजी नको. त्याखाली जायची वेळ येत असेल तर इमारतीचे खालचा आणि वरचा असे दोन फोटो काढून जोडा.

रेषा शंभर टक्के समांतर करू नका. डोळ्याला उंच वस्तू वर थोडी निमुळती दिसायची सवय असते. काटेकोर सरळ केली की इमारत डोकेजड वाटते. अगदी किंचित कल राहू द्या.

आता एसीचे डबे. ८४ मीटरची इमारत प्रिंटवर २० इंच उंच आली तर एक मजला पाऊण इंचाला थोडा कमी भरतो आणि एसीचा बाहेरचा डबा साडेतीन-चार मिलिमीटरचा. म्हणजे नीट दिसतो. गच्चीतली कपड्यांची दोरी, नंतर बसवलेली सरकती काच, प्लंबरने बाहेरून काढलेला पाइप, सगळं दिसतं. पुसण्याचा मोह होतो, साधनंही एका क्लिकवर आहेत. पुसू नका. वास्तुविशारदाने काढलेलं चित्र त्याच्या कार्यालयात आहेच. तुमच्या फोटोत लोकांनी त्या इमारतीत चाळीस वर्षं कसा संसार केला ते आहे. होर्डिंगची झुलती कड किंवा कोपऱ्यात शिरलेली केबल कापायला हरकत नाही, ती चौकटीची चूक असते, इमारतीची नव्हे.

घरातली जुनी निगेटिव्ह असेल तर

१९८० च्या आसपासचे इंदू किंवा ओर्वो फिल्मवरचे कृष्णधवल रोल अनेक घरांत पत्र्याच्या डब्यात पडून आहेत. नरिमन पॉइंटला काकांनी काढलेल्या फोटोत काकू पुढे आणि मागे अर्धवट बांधलेला टॉवर, असं काहीतरी हमखास सापडतं. छापील फोटो स्कॅन करू नका, निगेटिव्ह शोधा. रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो म्हणून ते तांबूस पडलेले असतात. निगेटिव्हमध्ये बरंच शिल्लक असतं.

३५ मिलिमीटरची फ्रेम ३२०० डीपीआयला स्कॅन केली की साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल होतात, म्हणजे १८ बाय १२ इंचांचा प्रिंट आरामात. धूळ रबरी ब्लोअरने उडवा. बुरशीची जाळी दिसली तर पाणी किंवा ओलं फडकं लावू नका. बुरशी लागलेला थर पाण्याने सुटून येतो. तसंच स्कॅन करा आणि डाग नंतर संगणकावर काढा. काकूंना मात्र कापू नका.

राखाडीचं राजकारण

काँक्रीट छापण्यातली खरी अडचण काळ्या-पांढऱ्यात नसून मधल्या छटांमध्ये असते. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो. त्यामुळे स्क्रीनवर ठीक वाटलेली भिंत कागदावर ओल्या सिमेंटसारखी काळवंडते. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, शेजारी पांढरा कागद धरून दोघांची उजळी जुळवा, मगच छटा ठरवा. प्रिंटरवाल्याकडून त्याच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतील ते संगणकाला सांगणारी फाइल, मागून घ्या. चांगल्या ठिकाणी देतात. 'ते काय असतं' असं विचारलं तर दुसरं दुकान बघा.

पूर्ण प्रिंट द्यायच्या आधी चाचणी पट्टी काढा. इमारतीचा तोच चार इंची तुकडा, सावलीतला सज्जा आणि उन्हातली भिंत दोन्ही येतील असा, तीन वेगळ्या उजळींवर. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये निवडू नका. घरी आणा, ठरवलेल्या भिंतीवर लावा, संध्याकाळी घरातला दिवा लावून बघा. सज्जाच्या सावलीत काहीतरी दिसलं पाहिजे, निदान दाराची चौकट. तिथे नुसता काळा डाग असेल तर सावल्या उजळा.

रंगीत की कृष्णधवल? या इमारती कृष्णधवलमध्ये लगेच 'कलात्मक' दिसतात, आणि म्हणूनच मी जरा सावध असतो. पावसाने आलेले हिरवे-काळे ओघळ, गंजाची तांबडी रेघ, नव्या डिस्टेंपरचा पिस्ता रंग, ही त्या इमारतीची वयं आहेत. कृष्णधवलमध्ये ती सगळी एकच राखाडी होतात.

कागद

दोनच मार्ग आहेत. लॅबमधला नेहमीचा फोटो पेपर स्वस्त, एकसारखा, आणि काही वर्षांनी बदलायची तयारी असेल तर पुरेसा. त्यात चकचकीत ग्लॉसी टाळा, मंद चमकेचा लस्टर घ्या. दुसरा मार्ग पिगमेंट शाईचा इंकजेट प्रिंट, सुती कागदावर. यालाच दुकानदार 'आर्काइव्हल' (दीर्घकाळ टिकणारा) म्हणतात. हानेम्यूलचा फोटो रॅग हा चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा कागद आपल्याकडेही मिळतो. उघड्या काँक्रीटला आणि प्लास्टरला हा मॅट सुती कागद फार शोभतो. काचेच्या दर्शनी भागाला शोभत नाही, कारण मॅट कागदाचा काळा रंग पुरेसा खोल नसतो. तिथे बरायटा कागद घ्या, हलक्या चमकेचा आणि काळा रंग खोल उतरवणारा. कागद 'एकदम पांढराशुभ्र' असल्याची जाहिरात असेल तर त्यात चकाकी आणणारी रसायनं असतात, ती कालांतराने दम तोडतात आणि कागद पिवळट होतो.

प्रिंट घरी आला की लगेच काचेआड घालू नका. वर साधा कोरा कागद ठेवून किमान एक दिवस सपाट राहू द्या. शाईतले उडणारे द्रव्यांश आत कोंडले गेले तर काचेच्या आतल्या बाजूला धुकट थर धरतो आणि मग सगळी फ्रेम उघडावी लागते.

फ्रेमवाल्याकडे काय सांगायचं

इथे घाई करू नका, कारण फोटो खराब होतात ते बहुतेक इथेच. फ्रेमवाला देवाच्या तसबिरी करतो त्याच पद्धतीने तुमचाही प्रिंट करेल: काच, तिला चिकटून फोटो, मागे हार्डबोर्ड, चार बारीक खिळे. आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत तो प्रिंट काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो.

प्रिंट आणि काच यांच्यात अंतर हवं. ते देतो माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट. आम्लमुक्त माउंट बोर्ड मागा, कापाची कड पांढरीच राहते तो. बाजूंनी तीन इंच, खाली साडेतीन. खालची पट्टी थोडी जास्त ठेवली नाही तर फोटो घसरल्यासारखा दिसतो. माउंटचा रंग कागदाच्या पांढऱ्याशी जुळणारा. राखाडी इमारतीला राखाडी किंवा काळा माउंट सुचवतील. नाही म्हणा, त्याने काँक्रीटचा प्रत्येक हलका टोन मळकट होतो.

प्रिंट मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवायचा. जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने केलेली बिजागरी सर्वात उत्तम. ते जमणार नसेल तर आम्लमुक्त कागदी टेप. फेविकॉल नाही, सेलोटेप नाही, डबल टेप तर नाहीच. ओलीने कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारी बाजूंनी जखडलेला प्रिंट लाटांसारखा होतो.

काच साधी दोन मिलिमीटरची घेतली तर आपल्या १८ बाय साडेतीस इंचांच्या फ्रेमला तिचंच वजन पावणेदोन किलो भरतं. तीन मिलिमीटरचं अॅक्रिलिक सव्वा किलो, फुटत नाही, पण ओरखडे पटकन पडतात आणि अमोनियावाल्या काचेच्या स्प्रेने ते धुरकट होतं. दुधी 'नॉन-ग्लेअर' काच टाळा. तुम्ही एवढं जीव तोडून टिपलेली खिडक्यांची रांग ती पुसट करते. समोर मोठी खिडकी असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर लेप दिलेली अँटी-रिफ्लेक्टिव्ह काच; सगळ्या खर्चात माझ्या मते सर्वाधिक सार्थकी लागणारे पैसे हेच.

पट्टी साधी ठेवा. अॅल्युमिनियमची काळी किंवा चंदेरी, नाहीतर सागवानाची सपाट. सोनेरी नक्षीत काँक्रीट अवघडून बसतं. पायनला वाळवीची भीती, आणि फायबरच्या पट्टीचे कोपरे उन्हाळ्यात उघडतात.

पाठीला हार्डबोर्ड असेल तर प्रिंट आणि तो यांच्यात आम्लमुक्त बोर्ड हवाच. त्याऐवजी अॅल्युमिनियम कंपोझिट शीट मिळाली तर ओल आणि वाळवी दोन्ही मिटतात. कडा ब्राउन टेपने बंद करून घ्या, नाहीतर कसर आत शिरते. तिला कागदातली खळ आवडते.

बंद करण्याआधी मागच्या बोर्डावर पेन्सिलने लिहा: इमारत, जागा, वास्तुविशारद, बांधकाम पूर्ण झाल्याचं वर्ष, फोटोची तारीख, कागद आणि शाई. बॉलपेन नको, शाई उतरते. दुसऱ्याचा फोटो विकत घेऊन लावत असाल तर छायाचित्रकाराचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांकही (ठरावीक प्रतींपैकी कितवी ते) लिहा, पावती पाकिटात घालून मागे चिकटवा. प्रिंट तुमचा झाला तरी त्याच्या प्रती काढायचा हक्क तुमचा होत नाही. छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

टांगताना

फ्रेमचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. आपल्याकडे फोटो फार उंच लावतात, ती सवय तसबिरींची आहे. एका खिळ्यावर लांबट उभी फ्रेम तिरकी होतच राहते, म्हणून दोन हूक, रॉल प्लग आणि स्क्रू घालून. ड्रिल मारण्याआधी वीजवाहिनी कुठून गेलीय ते स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली रेषेत तपासा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा. भिंत आणि फ्रेम यांच्यात पाच मिलिमीटर हवा खेळली की निम्मी बुरशी तिथेच टळते.

दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. ब्राउन टेप सुटला असेल तर नवा लावा. आत करडे ठिपके दिसले तर फ्रेम इतर फ्रेमांपासून लांब, कोरड्या खोलीत उघडा, पंख्याखाली नाही. प्रिंट दोन-तीन दिवस वाळू द्या, मग गॅलरीत नेऊन, नाकाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटका. फडक्याने पुसलं तर ती कागदात चोळली जाते. माउंट नवा घाला, जुना परत वापरू नका.